अप्पांची मळकी लॉरी

मी माफ करणाऱ्यांतली नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढं वाचताना कुणी माझ्याकडून मोठ्या मनाची अपेक्षा ठेवणार नाही. माझ्याबरोबरच्या बायका निवृत्त झाल्यावर भजनाला जाऊ लागल्या, सकाळी पार्कात फेऱ्या मारू लागल्या, आणि झालं गेलं सोडून द्यावं असं एकमेकींना सांगू लागल्या. मी बँकेतून निवृत्त झाले आणि बनशंकरीतल्या माझ्या फ्लॅटच्या मागच्या बाल्कनीत टेबल टाकून छोट्या लॉऱ्या बांधायला बसले. या छंदात काही सोडून देता येत नाही. दाराची फट केसभर चुकली तरी ती जन्मभर आपल्याकडे बघत राहते.

छोट्या लॉऱ्या म्हणजे खेळणी नव्हेत. डब्यात प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले भाग येतात. ते एकेक कापायचे, घासायचे, रंगवायचे, जोडायचे, आणि मग खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाची गाडी उभी राहते. माझ्या काचेच्या कपाटात टँकर आहेत, टिप्पर आहेत, जुन्या मोटारी आहेत. नातेवाईक येतात आणि विचारतात, "चावी दिली की पळते काय?" मी पळते म्हणते आणि विषय संपवते.

हे सगळं सुरू झालं ते एका लॉरीसाठी. आमच्या अप्पांचं पेटेत, म्हणजे जुन्या बाजारपेठेत, कापडाचं दुकान होतं. आमचं मूळ गाव कुठलं ते घरात कुणालाच नीट सांगता येत नाही, इतक्या पिढ्या आम्ही बेंगळुरात आहोत. घरात मराठी, दुकानात कन्नड, आणि भांडताना दोन्ही. अप्पांनी मालाची ने-आण करायला एक लॉरी घेतली होती आणि ती ते स्वतः चालवायचे. दुकानाचा मालक लुंगी खोचून लॉरी चालवतो म्हणून पेटेतले बाकीचे व्यापारी हसत. अप्पांना त्याचं काही वाटत नसे. गल्ल्यावर बसलेले अप्पा आणि स्टिअरिंगमागचे अप्पा ही दोन निराळी माणसं होती, आणि दुसरं जास्त हसरं होतं.

शाळेला सुट्टी लागली की ते मला बरोबर नेत. तुमकूर, चित्रदुर्ग, कधी थेट हुबळी. माझ्यापेक्षा मोठा असलेला भाऊ, ज्याला मी अण्णा म्हणते, तो दुकानात राही, कारण दुकानाला घरचं माणूस हवं. लॉरी समोरच्या फुटपाथला लागून उभी असायची. मी डाव्या दारानं वर चढायचे, अप्पा उजवीकडनं, आणि निघताना अण्णा दुकानाच्या पायरीवर उभा राहून बघत असायचा. मी त्याला हात हलवून दाखवायचे. तो कधी हलवायचा नाही.

अप्पांची एक सवय होती. उजवं कोपर खिडकीच्या कडेवर टेकवून ते गाडी चालवत. वर्षानुवर्षं ऊन, घाम आणि कोपर यांनी तिथला रंग झिजला, त्याखालचा अस्तराचा रंग झिजला, आणि शेवटी चांदीच्या रुपयाएवढा उघडा पत्रा चमकायला लागला. अप्पा अंथरुणाला खिळल्यावर अण्णानं ती लॉरी कुणाला न विचारता गुजरीला घातली, म्हणजे भंगारात. अप्पांना सांगितलं की गॅरेजमध्ये आहे. ते शेवटपर्यंत विचारत राहिले की गाडी आली काय. लॉरीचा एकही फोटो नाही. कुणाच्या तरी लग्नाच्या फोटोत वरातीमागं तिचं नाक तेवढं दिसतं.

म्हणून मी ती बांधली. तसल्या लॉरीचं किट कुठंच मिळत नाही. मी परदेशी लॉरीचं किट मागवलं, त्यातली चाकं, चासी आणि इंजिन ठेवलं, आणि केबिन प्लास्टिकच्या पत्र्यातून स्वतः कापून काढली. मागचा लाकडी हौदा आइस्क्रीमच्या काड्या चिरून केला. चूक झाली की फेकायचं आणि पुन्हा कापायचं. किती वेळा फेकलं ते माझी कामवाली सांगेल, कारण कचरा तीच नेत होती.

गाडी बांधून, रंगवून झाली की खरं काम सुरू होतं, तिला मळवण्याचं. या छंदातली पोरं त्याला वेदरिंग म्हणतात, मी मळवणं म्हणते. नवीकोरी चकचकीत गाडी कुणीही करतं. तिला रस्त्यावर आयुष्य काढायला लावणं अवघड. सायलेन्सरची काजळी मी मेणबत्तीवर चमचा धरून मिळवली. गंज खडूची पूड करून लावला. धुळीसाठी तुमकूर रस्त्याच्या कडेची लाल माती आणली, उन्हात वाळवली, मलमलीतून गाळली आणि बारीक ब्रशनं चाकांमागं, पायरीवर, हौद्याच्या फटींत बसवली. धुळकट काचेवर वायपरनं पुसलेला अर्धगोल ठेवला. आणि सगळ्यात शेवटी, जीव मुठीत धरून, उजव्या दारावर अप्पांच्या कोपराची खूण काढली. आधी खाली चंदेरी रंग दिलेला होताच. वरचा रंग टूथपिकनं कणाकणानं उडवत गेले आणि कडा बोटानं घासल्या. त्या दिवशी मी जेवले नाही. टेबलापाशी बसून नुसती त्या दाराकडे बघत होते आणि मला अप्पांच्या विडीचा वास येत होता.

यावर शेवटी वार्निशचा हात मारतात, म्हणजे मळ पक्का होतो. मी मारला नाही. वार्निश लागलं की धूळ ओली दिसते, मेल्यासारखी होते. मला ती कोरडी हवी होती, फुंकर मारली तर उडेल अशी. महिन्यातल्या एका रविवारी आम्ही हे छंदवाले एचएसआर लेआउटमध्ये एकाच्या गच्चीवर जमतो. बहुतेक सगळे सॉफ्टवेअरमधले, माझ्या मुलाच्या वयाचे. त्यांच्यातला पुण्याहून आलेला एकजण लॉरीपुढं उकिडवा बसला आणि म्हणाला, "काकू, ही बनवलेली वाटतच नाही. सीरियसली, ही चालून आलीय." मला बक्षिसं मिळाली आहेत, पण एवढं कशानं सुख झालं नव्हतं.

दसऱ्याच्या आधी अण्णाचा फोन आला. अण्णा जे. पी. नगरात राहतो, स्वतःचं घर, दारात मोठी पांढरी गाडी. आयुधपूजेला आमचं सगळं गोत त्याच्याकडे जमतं. त्या दिवशी बेंगळुरात चालणारं, कापणारं, फिरणारं सगळं धुऊन पुसून देवापुढं येतं. गाड्या, सायकली, कात्र्या, दुकानातला गज. हार घालायचा, चाकांखाली लिंबं ठेवायची, कोहळ्यात कुंकू भरून तो फोडायचा.

"अप्पांची लॉरी दे की यंदा पूजेला," अण्णा म्हणाला. "घरची पहिली गाडी ती. माझ्या गाडीशेजारी ठेवू."

मला भरून आलं. ज्यानं खरी लॉरी गुजरीला घातली त्याला उपरती झाली असं मला वाटलं. मी ती खोक्यात कापूस भरून, रिक्षात मांडीवर घेऊन, खड्ड्याखड्ड्याला रिक्षावाल्याला "स्वल्प निधान" म्हणत, म्हणजे जरा हळू घे बाबा म्हणत, त्याच्या घरी पोचवली. पूजेला अजून काही दिवस होते. तिला हात लावू नका एवढंच सांगितलं.

पूजेच्या सकाळी मी गेले तर पोर्चमध्ये पाटावर एक नारिंगी लॉरी होती. चकचकीत. केबिन, हौदा, चाकांच्या वाट्यासुद्धा नारिंगी. पुढं अण्णाच्या दुकानाचं नाव सोनेरी अक्षरांत. चाकांखाली लिंबाच्या फोडी ठेवल्या होत्या, कारण आख्खी लिंबं मावली नव्हती. मी आधी माझी लॉरी शोधली. खरंच शोधली, आत देवघरात जाऊन बघून आले. मग बाहेर येऊन त्या नारिंगी वस्तूच्या पायरीचं वळण बघितलं, आणि ते मीच घासलेलं होतं.

"वन्सं, बघितली काय?" वहिनी हौसेनं पुढं आली. "अय्यो, किती धूळ बसलेली हो! तुम्हाला पुसायला वेळ झाला नसेल. मी स्वल्प शाम्पू लावून धुतली, तर रंगच जायला लागला. मग ह्यांनी गॅरेजवाल्याकडनं पेंट मारून आणली. आता कशी झकास दिसते!"

"देवापुढं मळकी गाडी ठेवतात काय?" अण्णा म्हणाला. "अप्पांना चाललं नसतं."

गोतावळा कौतुक करत होता. कुणी म्हणालं शोरूममधनं आणल्यासारखी. मी उजव्या दाराकडे बघितलं. तिथं नारिंगी रंग होता, गुळगुळीत, हाताला लागेल असा जाड. कोसंबरी खाल्ली, होळिगे, म्हणजे आमची पुरणपोळी, खाल्ली, दुसरी वाढतानाही नको म्हटलं नाही. राग आला की माझी भूक वाढते.

पण डोळे काम करत होते. वर्षानुवर्षं गाड्यांच्या अंगावरचे ओरखडे बघून बघून मला आता दुसरं काही दिसतच नाही. अण्णाच्या पांढऱ्या गाडीला पुढं हार होता तसाच मागंही होता, झेंडूचा, आणि तो भलत्याच ठिकाणी, डाव्या कोपऱ्यावर लोंबत होता. गाडीला मागं कोपऱ्यावर कुणी हार घालत नाही. सगळे आत पानं मांडत असताना मी तो उचलून बघितला. खाली वाटीएवढा पोचा होता आणि त्यात आडवे ओरखडे.

जेवताना अण्णानं स्वतःच तो विषय काढला. ड्रायव्हरनं रिव्हर्स घेताना पाण्याच्या टँकरला धडकवली, गॅरेजवाल्याला सणामुळं वेळ नाही, आणि आपण त्या ड्रायव्हरला त्याच दिवशी कामावरून काढलं. "आजकाल कुणाला जबाबदारीच नाही," असं म्हणून त्यानं रस्सम वाढून घेतलं. तो ड्रायव्हर मला चांगला ठाऊक होता. माझी किटची पार्सलं तोच आणून द्यायचा आणि प्रत्येक नव्या लॉरीचे टायर बरोबर आहेत का ते निरखून बघायचा.

आता टँकर निळे असतात, पिवळे असतात. पोच्यातल्या ओरखड्यांत अडकलेला रंग पिस्त्याचा होता. असा पिस्ता रंग एकाच ठिकाणी आहे. वास्तूवाल्याच्या सांगण्यावरून वहिनीनं गेटच्या खांबांना तो लावून घेतला होता, आणि जे. पी. नगरात दुसऱ्या कुणाच्या खांबाला तो सापडला तर मी लॉऱ्या बांधणं सोडून देईन. हात धुवायचं निमित्त करून मी गेटपाशी गेले. खांबाचा टवका उडाला होता, बरोबर त्या उंचीवर, आणि तिथं पांढरा रंग लागला होता. टवक्याचा एक कण नखानं सोडवून मी पदराच्या टोकाला बांधला. त्या वेळी त्याचं काय करायचं ते ठरलं नव्हतं. नुसतं बांधून ठेवलं.

घरी आल्यावर ड्रायव्हरला फोन केला. त्यानं आधी माझ्या नव्या लॉरीची चौकशी केली. मग म्हणाला, "नानु ऊरल्ले इरलिल्ल, अक्का." म्हणजे तो शहरातच नव्हता. बहिणीच्या गावी गेला होता, रजा सांगून. परत आला तर गाडीला पोचा आणि त्याला नोकरी नाही. मला सगळा उलगडा झाला. अण्णाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि वहिनीनं त्याला गाडीला हात लावायचा नाही असा दम भरला होता. ड्रायव्हर नाही बघून पठ्ठ्यानं गाडी बाहेर काढली, आपल्याच खांबाला ठोकली, आणि ड्रायव्हरच्या नावावर घालून मोकळा झाला.

दुसरी कुणी असती तर फोन उचलून वहिनीला सांगितलं असतं. त्यानं काय झालं असतं? घरात एक भांडण, आणि अण्णानं "तुला काय कळतं" म्हणून ते मिटवलं असतं. माझी पुसलेली लॉरी त्यानं सगळ्यांसमोर मांडली होती. मलाही सगळे समोर हवे होते. आणि माझ्या हातांना जे येतं त्यानंच मला ते करायचं होतं. मी त्याची गाडी बांधायला घेतली.

तसल्या गाडीचं किट मिळालं, पण नाक निराळं होतं, तेवढं कापून नवं घडवलं. नंबरप्लेट बनवली. मागच्या काचेवरचं गणपतीचं स्टिकर बनवलं, आतली सीटकव्हरं, आरशाला टांगलेली माळ. पांढऱ्या रंगाचे हात पातळ पातळ देत ती अशी चमकवली की गच्चीवरची पोरं फोटो काढत सुटली. पुढच्या खेपेला मी त्यांच्यासमोरच मेणबत्तीवर चमचा तापवला आणि आतल्या बाजूनं मागच्या कोपऱ्याला टेकवला, आणि प्लास्टिक मऊ पडल्यावर कोपरा बाहेरून दाबला.

पुण्याचा तो मुलगा ओरडलाच. "काकू! एवढी परफेक्ट बॉडी! काय करताय?"

"ओरिजिनलला आहे," मी म्हटलं.

पदरात बांधून आणलेला कण मी पांढऱ्या बशीत ठेवला आणि त्याच्याशेजारी रंग मिसळत बसले. हिरवा जास्त झाला, पिवळा कमी पडला, पुन्हा पुसलं. तो पिस्ता जमला त्या दुपारी मी स्वतःसाठी कॉफी केली आणि बाल्कनीत एकटीच हसले. मला लाज वाटली नाही. मग गाडी मळवली. चाकांवर चिखल, दारांखाली शिंतोडे, मागच्या काचेवर धूळ. शेवटी पिवळ्या-केशरी दोऱ्याच्या गाठी मारून झेंडूचा इवलासा हार केला आणि मागच्या डाव्या कोपऱ्यावर असा टांगला की तो बोटानं उचलता यावा.

आणि या वेळी वार्निश मारलं. दोन हात, पूर्ण वाळू दिलं, मग ओल्या कपड्यानं पुसून बघितलं. काहीही निघालं नाही.

पुढच्या आयुधपूजेला सगळं गोत जमलं होतं. खऱ्या गाडीचा पोचा कधीच काढून झाला होता. नारिंगी लॉरी शोकेसमधून काढून पाटावर ठेवलेली होती. मी खोकं उघडलं आणि म्हटलं, "अण्णा, तुझ्यासाठी केली. तुझीच गाडी."

तो खूश झाला. खरंच खूश झाला, हे मी नाकारणार नाही. नंबरप्लेट वाचून मोठ्यानं हसला, सगळ्यांना बोलावलं. त्यानं ती नारिंगी लॉरीशेजारी पाटावर ठेवली. एवढ्यात वहिनी म्हणाली, "पण वन्सं, धूळ बसली हो येताना," आणि सवयीनं ओलं फडकं घेऊन आली. मी तिला अडवलं नाही. तिनं दार पुसलं. मग जोर लावून पुसलं. फडकं स्वच्छच राहिलं.

"जात नाही की हे," ती म्हणाली.

"नाही जायचं," मी म्हटलं. "पक्कं केलंय."

आमची आत्या, अप्पांची धाकटी बहीण, खुर्चीत बसली होती. तिला ऐकू कमी येतं पण दिसतं अजून चांगलं. तिनं गाडी मांडीवर मागून घेतली, फिरवून फिरवून बघितली, आणि बोटानं तो हार उचलला. मी वर्षभर त्या बोटाची वाट बघत होते.

"हे गं काय? इथं ठोकलंय काय?"

"होय आत्या. मागच्या वर्षी होतं ना तसं."

"टँकरला लागलेलं ते," अण्णा चटकन म्हणाला.

आत्यानं गाडी डोळ्यांजवळ नेली. मग मान वर करून उघड्या गेटाकडे बघितलं, मग परत गाडीकडे. "टँकर कुठला रे?" ती म्हणाली. कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तशी, ठणठणीत. "हा तर तुझ्या खांबाचा रंग!"

वहिनी वळली. तिनं गाडी बघितली, मग चपला न घालता गेटपर्यंत गेली आणि खांबाशी वाकून उभी राहिली. अण्णानं गाडीचा पोचा काढून घेतला होता, खांबाचा टवका मात्र तसाच ठेवला होता. परत आली ती सगळ्यांच्या देखत एवढंच म्हणाली, "ड्रायव्हर गावाला गेलेला, तेव्हा तुम्हीच काढलेली ना गाडी? त्या बिचाऱ्याला घालवलंत?" अण्णानं कोहळा उचलला आणि त्यात कुंकू भरायला घेतलं. आत्यानं "सरी, सरी," म्हणजे बरोबर, ठीक आहे, "पूजा आटपा" म्हटलं, पण तिला हसू आवरत नव्हतं.

मला आनंद झाला. भरपूर झाला. जेवणं झाल्यावर मी नारिंगी लॉरी उचलून खोक्यात घातली, कुणाला न विचारता, जशी त्यानं एकदा न विचारता घालवली होती. अण्णा माझ्यामागून गेटपर्यंत आला. आता हा भांडणार असं वाटलं आणि मी पदर खोचूनच उभी राहिले.

तो खांबाला टेकून म्हणाला, "कोपराची खूण तू चुकीच्या जागी काढलेलीस."

मला आधी कळलंच नाही.

"अप्पांची," तो म्हणाला. "तू खिडकीच्या मधोमध काढलेलीस. तशी नव्हती. पुढं होती, आरशाच्या दांड्याजवळ."

"तुला काय ठाऊक?"

"मला नाही तर कुणाला? तू आत बसलेली असायचीस. तुला बाहेरनं काय दिसणार? मी पायरीवर उभा असायचो. लॉरी वळणापर्यंत जाईतोवर मला तेवढंच दिसायचं. अप्पांचं कोपर."

गेटाबाहेर फुटलेल्या कोहळ्यांचा चिखल झाला होता आणि एक गाय त्यात तोंड घालून उभी होती. मी तिच्याकडे बघत विचारलं, "म्हणजे ती धूळ नव्हे हे तुला कळलेलं?"

"तुझ्या वहिनीला नाही कळलं. तिनं धुतली ती धूळच समजून. पण ती खूण काय साबणानं गेली नाही. सगळी लॉरी स्वच्छ झाली आणि ती तेवढी राहिली." त्यानं खांबाच्या टवक्यावरून अंगठा फिरवला. "ती मी घासून काढायला सांगितली."

"का?"

"एका सुट्टीला तरी अप्पांनी मला न्यायचं होतं," अण्णा म्हणाला, आणि आत गेला.

मी रिक्षात बसले. मांडीवर खोकं होतं. वर्षभर जपलेला माझा आनंद त्यानं दोन वाक्यांत नासवला, याचा मला भयंकर राग आला. धूळ ही चूक होती, पण ते दार ही चूक नव्हती. त्यानं ते ठरवून केलं होतं, माझ्यासारखंच, वर्षानुवर्षं मनात धरून. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, फक्त त्याहून बारीक पॉलिश पेपर वापरला असता. एवढं सगळं कळूनही मी त्याला माफ केलं नाही. कळणं वेगळं आणि माफ करणं वेगळं.

ड्रायव्हरला मी त्या पांढऱ्या गाडीचा फोटो पाठवला, हार उचललेला. वहिनीनं त्याला परत बोलावलं होतं, पण तो "बेडा अक्का" म्हणाला, नको आता. त्याला दुसरीकडे चांगलं काम मिळालं होतं. त्याच्या व्हॉट्सॲपवर देवाच्या जागी आता तो पोच्याचा फोटो आहे.

मी लॉरीचा नारिंगी रंग उतरवला. ते काम किट बांधण्यापेक्षा किचकट निघालं, कारण गॅरेजवाल्यानं खऱ्या गाडीचा रंग मारला होता. तो उतरताना पायऱ्या विरघळल्या, आरसे गेले, ते पुन्हा केले. पुन्हा रंग, पुन्हा गंज, पुन्हा तुमकूरची माती. दारापाशी आले तेव्हा हात थांबला. मी डोळे मिटून अप्पांना आठवलं. मला त्यांचा दंड दिसत होता, बाहीची घडी दिसत होती, वाऱ्यानं फडफडणारी कॉलर दिसत होती. कोपर बाहेर कुठं टेकलं होतं ते दिसत नव्हतं. ते कधी दिसलंच नव्हतं. मी टूथपिक उचलली आणि खूण पुढं काढली, आरशाच्या दांड्याजवळ. मग सगळ्यावर वार्निश मारलं. धूळ ओली दिसते, दिसू दे.

लॉरी कपाटात अशी ठेवली आहे की ड्रायव्हरची बाजू घराच्या दाराकडे येते. माझ्या खुर्चीतून तिची डावी बाजू दिसते, जिथून मी चढायचे.

अण्णाला मी सांगितलं नव्हतं. कुणी सांगितलं ठाऊक नाही, आत्याच असेल. एक दिवस बेल वाजली आणि तो दारात उभा होता, रिक्षानं आलेला, घामाघूम. त्यानं चपला काढल्या नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच त्यानं कपाटाकडे बघितलं आणि त्याची नजर बरोबर दारावर जाऊन थांबली.

"सरी आहे," तो म्हणाला. "तिथंच."

आमच्यात दारात आलेल्या परक्यालाही कॉफी विचारतात. मी विचारली नाही. आत ये म्हणाले नाही. तो तसाच उभा राहिला, बराच वेळ, लॉरी निघून वळणापर्यंत जायला लागतो तेवढा. मग त्यानं हात किंचित वर केला, हलवल्यासारखा, आणि जिना उतरून गेला.